सुट्टीत मुलांना कोठे न्यावे?

(मंडळाच्या वार्षिक कौटुंबिक संमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला जो विषय नेमून दिला, तो वरकरणी अगदी हलका दिसतो. सुट्टीत मुलांना घेऊन कोठे जावे, यावर व्याख्यान ते कसले द्यावयाचे, असे काही मंडळींस वाटले असेल. परंतु मी आयुष्यभर मुलांस गणित शिकविले असल्यामुळे प्रथम हिशेब मांडून पाहण्याची मला खोड आहे. तो हिशेब आपणही माझ्याबरोबर मांडावा.

मूल शाळेत दहा वर्षे असते. पहिल्या तीन वर्षांत ते इतके लहान असते की, प्रवासात काय पाहिले त्यातील थोडेच पुढे त्याच्या स्मरणात उरते. दहावीचे वर्ष परीक्षेने व्यापलेले, आणि नववीची उन्हाळी सुट्टी हल्ली शिकवणीवाल्यांच्या ताब्यात गेलेली. राहिली चौथी ते आठवी ही पाच वर्षे. म्हणजे पाच दिवाळ्या आणि पाच मे महिने. त्यांतून घरातील लग्नकार्ये, आजारपणे, यंत्रमागाची मंदी आणि क्वचित नुसता कंटाळा वजा जाता बहुतेक घरांत चार किंवा पाच प्रवास हाती उरतात. त्यानंतर मुले मित्रमैत्रिणींबरोबर जाऊ लागतात, आणि ते योग्यच आहे. आईबापांचा हात धरून जग पाहण्याची हौस ज्या वयात असते, ते वय एवढेच. तेव्हा हे चार-पाच प्रवास कोणत्या ठिकाणी खर्ची घालावयाचे, हा प्रश्न मला तरी हलका वाटत नाही.

आज आपल्या घरांत दोन प्रकार दिसतात. पहिला जुना. एक गाडी ठरवावयाची, त्यात आजी-आजोबांपासून तान्ह्या मुलापर्यंत सर्वांस बसवावयाचे आणि चार दिवसांत अकरा देवस्थाने उरकावयाची. पहाटे चारला उठणे, रांगेत तीन तास, नारळ फोडला की पुन्हा गाडीत. दुसरा प्रकार नवा. शेजाऱ्यांनी काश्मीर केले म्हणून आपण काश्मीर करावयाचे. आतेभाऊ बँकॉकला गेला म्हणून आपण हप्त्याने पैसे काढून बँकॉकला जावयाचे. पहिल्यात भक्ती असते आणि दुसऱ्यात हौस असते. मी दोहोंपैकी कशाचाही उपहास करीत नाही. माझे म्हणणे एवढेच की, या दोन्ही प्रकारांत मूल हे सामानासारखे नेले जाते. ठिकाण निवडताना त्याचा विचार कोणी केलेला नसतो. मग परत आल्यावर मास्तरांनी विचारले, “काय रे, काय पाहिलेस?” की, ते हॉटेलातील पोहण्याच्या तलावाचे वर्णन करते. त्यात त्याचा काहीच दोष नाही. साऱ्या प्रवासात तेवढ्याच एका ठिकाणी त्याला काही करावयास मिळालेले असते.

माझी कसोटी यातच आली. मोठी माणसे पाहण्यासाठी जातात. मूल करण्यासाठी जाते. म्हणून ठिकाण ठरविताना तेथे पाहण्याजोगे काय आहे हे मागाहून विचारावे. आधी विचारावे ते हे की, तेथे गेल्यावर माझ्या मुलास करावयास काय आहे? चढावयास, मोजावयास, हाताळावयास, शोधावयास, कोणाला विचारावयास काय आहे?

आता हे ‘करणे’ वयाप्रमाणे बदलते. पहिली-दुसरीच्या मुलास वाळू, पाणी, गुरेवासरे आणि चिंचेचे झाड पुरते. त्याला सहाशे कोस नेण्यात अर्थ नाही. मामाचे गाव हे त्याचे उत्तम पर्यटनस्थळ होय. तेथे मामा राहिला नसेल आणि पाण्याच्या घसरगुंड्यांच्या बागेत एक दिवस काढला, तरी मी नाक मुरडणार नाही. मात्र मे महिन्यात कोकणच्या किनाऱ्यावर जाल तेव्हा स्थानिक कोळीबांधव जेथे उतरू नका म्हणतील, तेथे गुडघाभर पाण्यातही मूल सोडू नये. दरवर्षी वर्तमानपत्रांतून येणाऱ्या त्या दुःखद बातम्या आपण वाचतोच.

चौथी-पाचवीचे वय गोष्टीचे. या वयात शिवचरित्र शिकलेल्या मुलास एक किल्ला दाखवावा, परंतु एकच, आणि पुरा दिवस. रायगडाचेच पाहा. ६ जून १६७४ रोजी जेथे राज्याभिषेक झाला ती सदर, बाजारपेठेची जोती, जगदीश्वराचे देऊळ, हिरकणीचा बुरूज, पायथ्याशी पाचाडला जिजाऊंची समाधी, एवढे पाहण्यास सकाळपासून संध्याकाळ अपुरी पडते. आजीला घेऊन जाण्यास रज्जुमार्ग आहे. मुलांनी मात्र एक वेळ तरी पायांनी चढावे. २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आणि बारावा जिंजी तामिळनाडूत आहे. या बारांपैकी आपल्या घरापासून सर्वांत जवळचा कोणता, हे नकाशावर शोधण्याचे काम मुलावरच सोपवावे.

सहावी ते आठवी हे वय मात्र मला सर्वांत मोलाचे वाटते. या वयात मूल ‘मग पुढे काय झाले’ हे विचारणे सोडून ‘असे का’ आणि ‘हे कसे केले’ हे विचारू लागते. या वयासाठी मी आपल्या समाजातील कुटुंबांना एक ठिकाण आग्रहाने सुचवितो. ते म्हणजे नाशिक.

नाशिक म्हणताच आपल्यासमोर रामकुंड आणि त्र्यंबकेश्वर उभे राहते. तेही आहेच, आणि त्यामुळे आजीची मनोकामना पूर्ण होते ही मोठी सोय आहे. परंतु मी बोलतो आहे ते शहराच्या दक्षिणेस, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या पांडवलेण्यांविषयी. डोंगराच्या कुशीत २४ लेणी आहेत. पांडवांशी त्यांचा संबंध नाही; ती बौद्ध भिक्षूंच्या वर्षावासासाठी कोरलेली आहेत. पायऱ्या चढून वर जाण्यास सहावीच्या मुलास फार तर अर्धा तास लागतो. त्यांतील दहाव्या लेण्यात नहपान नावाच्या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा कोरीव लेख आहे. तो सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा आहे, आणि त्यात आपल्या धंद्याचा उल्लेख आहे.

लेखातील मजकूर थोडक्यात असा. उषवदाताने या लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची चांदीची नाणी, कायमची ठेव म्हणून दिली. ही ठेव त्याने सावकाराकडे किंवा राजाच्या खजिन्यात ठेवली नाही. ती त्याने गोवर्धन येथे राहणाऱ्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे धंद्याच्या संघांकडे ठेवली. एका विणकर-श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि दुसऱ्या विणकर-श्रेणीकडे १००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही. केवळ व्याज वापरावयाचे. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरांसाठी, म्हणजे वस्त्रांसाठी द्यावयाचे. हा सर्व व्यवहार नगरसभेत वाचून दाखवून नोंदविला गेला, असेही त्यात लिहिले आहे.

आता आमच्या सातवीच्या गणितात सरळव्याज आहे. मुलाला त्या लेण्याच्या ओसरीवर बसवावे, हाती कागद-पेन्सिल द्यावी आणि म्हणावे, “२००० चे दरमहा शेकडा एक दराने वर्षाचे व्याज काढ.” ते काढील २४०. मग म्हणावे, “वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा द्यावयाचे, तर किती लागतील?” तेही २४० च येतील. एक कवडी कमी नाही, एक कवडी अधिक नाही. एकोणीस शतकांपूर्वीच्या कारकुनाचा हिशेब आपल्या हाताने पडताळून तो बरोबर निघाल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो वर्गात फळ्यापुढे उभे राहून मला क्वचितच पाहावयास मिळाला. दुसऱ्या ठेवीचे व्याज त्याला स्वतःच काढू द्यावे.

येथे एक खुलासा केला पाहिजे, कारण अशा व्यासपीठावरून अभिमानाच्या भरात नाही ते बोलले जाते. त्या लेखातील ‘कोलिक’ या शब्दाचा अर्थ अभ्यासक विणकर असा करतात. ते विणकर म्हणजे आपलेच रक्ताचे पूर्वज, असे मी म्हणत नाही. श्रेणी ही धंद्याची संस्था होती. तिला आजच्या जातीचे नाव चिकटविण्यास आधार नाही. परंतु मागावर बसणाऱ्या माणसांची पत अशी होती की, राजाच्या जावयाने आपली कायमची ठेव त्यांच्या हवाली केली, ही गोष्ट निखालस खरी आहे आणि ती दगडावर आहे. “आमचे वडील यंत्रमागावर आहेत” हे सांगताना आवाज खाली नेणारी मुले मी वर्गात पाहिली आहेत. त्यांना त्या लेखापुढे नेऊन उभे करावे असे मला फार वाटते. ज्या गोवर्धनाचे नाव त्यात आले, ते गाव आजही नाशिकजवळ गंगापूरच्या वाटेवर नांदते आहे. नकाशात ते मुलांनीच शोधावे.

पांडवलेण्यानंतरचा दिवस त्र्यंबकच्या रस्त्याला द्यावा. वाटेवर अंजनेरी येथे भारतीय नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे आणि तिचे नाण्यांचे संग्रहालय आहे. जाण्यापूर्वी वेळ विचारून घ्यावी. कार्षापण म्हणजे काय, हे तोंडाने सांगण्यापेक्षा जुनी नाणी डोळ्यांनी पाहिलेली बरी. शिवाय नाशिक जिल्ह्यातच जोगलटेंभी येथे १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला होता. ती नाणी याच नहपानाची. आणि त्यांपैकी बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने त्याचा पराभव केल्यावर आपला ठसा पुन्हा मारलेला. एका राजाचे राज्य गेले आणि दुसऱ्याचे आले, ही गोष्ट पुस्तकात एका वाक्यात संपते. एकाच नाण्यावर दोन राजांचे ठसे असल्याचे समजले म्हणजे मुलांस ती वेगळी सांगावी लागत नाही. पुढे त्र्यंबकेश्वरी आजीचे दर्शन होते, आणि गोदावरी जेथे उगम पावते तो ब्रह्मगिरीही समोर दिसतो. येथून निघालेले पाणी १४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते, हे भूगोलात पाठ केलेले मूल त्या डोंगराकडे पाहून क्षणभर गप्प होते. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्मही १८७० साली याच त्र्यंबकेश्वरी झाला. ज्या मुलास इतिहासात गोडी नाही, त्याच्यासाठी हा धागा उपयोगी पडतो.

तिसरा दिवस येवल्याचा. ज्या घरांत आज यंत्रमाग धडधडतात, त्या घरांतील कित्येक मुलांनी हातमाग पाहिलेला नाही. येवल्यास पैठणी विणणारे कारागीर आहेत. विनंती केली तर मुलांस मागाजवळ बसू देतात. पदरावरचा मोर यंत्राने उमटत नाही. ताण्याचे धागे मोजून, प्रत्येक रंगाची वेगळी कांडी हाताने फिरवून तो ओळीओळीने वाढतो, आणि एका पैठणीस कित्येक आठवडे, भारी कामास महिनेही लागतात. मुलाने एका बोटाच्या रुंदीत किती धागे येतात ते मोजावे, कारागिरास मजुरी काय पडते ते विचारावे, आणि दुकानातील किंमत पाहून दोहोंतील अंतर स्वतः काढावे. भगिनींना माझी एक नम्र सूचना आहे. खरेदी मागाहून करावी. पैठणीच्या दुकानात आरंभीच दोन तास गेले आणि मुले कंटाळली, तर त्याबद्दल मुलांना बोलू नये.

येवले हे तात्या टोपे यांचे जन्मगाव, हे बहुतेकांना ठाऊक असते. याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी धर्मांतराची घोषणा केली, हेही मुलांस सांगावे. ज्ञातिसंमेलनात ही गोष्ट का काढता, असे मला कोणी विचारील. माझे उत्तर असे की, आपण ज्ञातीच्या नावाने एकत्र जमतो, म्हणूनच ज्ञातिभेदाने काही माणसांना किती सोसावे लागले, हे आपल्या मुलांस आपल्याच तोंडून कळले पाहिजे. त्यांनी प्रश्न विचारले तर उत्तर द्यावे.

हाताशी आणखी एक सकाळ असेल, तर निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर विसरू नये. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील बंधाऱ्यामुळे तेथे पाणथळ तयार झाली आहे. २०२० साली रामसर यादीत जाणारे ते महाराष्ट्रातील पहिले ठिकाण होय. हिवाळी पाहुणे पक्षी नोव्हेंबरपासून वाढत जातात. दिवाळी लवकर आली तर ते कमी दिसतील, एवढे ध्यानात ठेवून जावे. मात्र सिंहस्थाचे मुख्य स्नानदिवस २०२७ च्या पावसाळ्यात येतात. त्या गर्दीत शाळकरी मुलांची सहल नाशिकला नेऊ नये.

नाशिक हे मी उदाहरण म्हणून विस्ताराने सांगितले. ज्यांना अजिंठा-वेरूळ जवळ पडते त्यांनी तिकडे जावे. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, हे न पाहता निघालेली कुटुंबे दाराशी जाऊन परततात. अजिंठ्याच्या चित्रांतील माणसांच्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांची आणि नक्षीची जी वस्त्रे आहेत, ती कशी विणली असतील हा प्रश्न आपल्याच मुलांनी विचारावा असा आहे. लोणारचे सरोवर आठवी-नववीच्या मुलांसाठी उत्तम. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर उल्कापाताने बसाल्टच्या खडकात झालेले आहे, आणि पाणी खारे. मुंबईत वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र आहे. तेथे यंत्रांना हात लावण्याची मनाई नाही, उलट हात लावणे अपेक्षितच आहे. हीच गोष्ट त्याला इतर संग्रहालयांहून मुलांच्या दृष्टीने श्रेष्ठ ठरविते. व्याघ्रप्रकल्पांबद्दल मात्र माझे मत प्रतिकूल आहे. उघड्या गाडीत तीन-चार तास न बोलता, न हलता बसणे हे दहा वर्षांखालील मुलास शिक्षेसारखे वाटते, आणि वाघ दिसला नाही तर सारा प्रवास फुकट गेला असे मोठ्यांच्याच तोंडून त्याला ऐकावे लागते.

खर्चाविषयी. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलांस अर्धे तिकीट आहे; २०२३ पासून महिलांस निम्मे भाडे आहे; पंचाहत्तरी उलटलेल्या आजी-आजोबांस २०२२ पासून भाडेच नाही. चार-पाच माणसांच्या कुटुंबाचा हिशेब या सवलतींनी किती खाली येतो, तेही मुलांनीच काढावे. आगगाडीत पाच ते बारा वर्षांच्या मुलास स्वतंत्र शायिका हवी असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडे पडते, आणि आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. दिवाळीच्या गाड्या तर लवकरच भरून जातात. त्र्यंबकेश्वरी भक्तनिवास आहेत. उतरण्यास महागडे हॉटेल लागत नाही. आणि स्वतःच्या मोटारीपेक्षा एसटीची खिडकी मुलांस अधिक शिकविते, असे माझे ठाम मत आहे. मोटारीत मूल मागच्या आसनावर मोबाईलमध्ये बुडते. एसटीत गावांच्या पाट्या येतात, माणसे चढतात-उतरतात, वाहक सुटे पैसे मागतो.

एक गोष्ट राहून जाते, ती मातांची. आपल्या घरांत प्रवासाच्या आदल्या रात्री दशम्या-चटण्या कोण करते, प्रवासात ओले टॉवेल कोण वाळत घालते आणि परत आल्यावर धुण्याचा ढीग कोणापुढे पडतो, हे मी सांगावयास नको. मुलीला त्या कामात आईच्या हाताखाली जुंपून मुलाला तेवढे लेण्यात नेऊ नये. चौथीपुढील प्रत्येक मुलाने, मग तो मुलगा असो वा मुलगी, आपली पिशवी आपण भरावी आणि आपले कपडे आपण धुवावेत. नववीतल्या मुलावर तर सर्व प्रवासाची वहीच सोपवावी. वेळापत्रक, भाडे, रोजचा जमाखर्च त्याने लिहावा. त्याच्या वहीत पाच-पन्नास रुपयांची तफावत आली तरी ती वडिलांनी खाजगीत विचारावी, चारचौघांत नव्हे.

आता ज्यासाठी मी एवढा वेळ घेतला ते सांगतो. आपले मंडळ दरवर्षी एक गाडी काढते. ती देवदर्शनास जाते, तिचे पैसे भरणारे तीच ती पंधरा-वीस सुखवस्तू कुटुंबे असतात, आणि यंत्रमागावर पाळी करणाऱ्या सभासदाची मुले त्या गाडीत कधी दिसत नाहीत. माझी सर्वसाधारण सभेस विनंती आहे की, येत्या दिवाळीच्या सुट्टीत ही गाडी तीन मुक्कामांसाठी नाशिकला न्यावी. तीत निम्म्या जागा पाचवी ते नववीच्या मुलामुलींसाठी राखाव्यात. आणि ज्यांना वर्गणी झेपणार नाही त्यांची वर्गणी विद्यानिधीच्या व्याजातून भरावी. कोणाची भरली हे फक्त कोषाध्यक्षांस ठाऊक असावे. विद्यानिधीच्या नियमांत मुद्दल हलवू नये, व्याजच खर्चावे असे आहे. उषवदाताने विणकरांकडे ठेव ठेवताना हीच अट घातली होती, तेव्हा नियमाच्या पालनाविषयी आपल्या कोषाध्यक्षांना शंका राहू नये.

देवदर्शन सुटेल अशी ज्येष्ठांना भीती वाटते, तर त्र्यंबकेश्वर आणि पंचवटी वाटेतच आहेत. मुलांबरोबर लेण्यांत जाण्यास दोन शिक्षक आणि दोन शिक्षिका लागतील. एका जागेसाठी माझे नाव कार्यवाहांनी आजच लिहून घ्यावे. बाकीच्या तिघांची नावे आणि मुलांच्या इयत्तांसह यादी सभा उठण्यापूर्वी दारापाशी ठेवलेल्या वहीत नोंदवावी.